कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि देवाचा दरबार

सायखेड्यावरून वाहणारी गोदामाई वरच्या अंगास, नाशिकच्या पलीकडे, जलालपुरावरून येते. त्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिचा विवाह १८८० साली एका तरुण विद्यार्थ्याशी झाला. वधू पुढे लक्ष्मीबाई म्हणून व वर रेव्हरंड टिळक म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक झाली. तेव्हा टिळक हे आपल्या जिल्ह्याचे जावईच होत.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे झाला. बाळपणीच मातेचे छत्र हरपल्यावर ते नाशिकास आले व गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकले. पुढे नागपुरास असता राजनांदगावच्या प्रवासात, आगगाडीत, एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचताच त्यांच्या मनाने ठाव घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ह्याचे मोल लहान नव्हते. पत्नी व पुत्र दुरावली, आणि कित्येक वर्षे लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत पंढरपुरी दुःखात राहिल्या. अखेर त्या परतल्या व १९०० साली स्वतःच्या खात्रीने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे फरफटत त्या आल्या नाहीत, हे आपल्या भगिनींनी ध्यानी धरावे.

अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी शिकविले, ज्ञानोदयाचे संपादन केले, आणि १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली. घरात नेहमी पाहुणे व अनाथ मुले. बालकवी ठोमरेही तेथे राहून गेले. पैसा हाती टिकत नसे. प्रपंच कसा चालला हे लक्ष्मीबाईंनाच ठाऊक!

परंतु एक शल्य त्यांच्या मनी सलत असे. ख्रिस्ती होणे म्हणजे मिशनच्या पगारावर जगणे, असे लोक समजत. ज्याने तुकोबांच्या अभंगांतून ख्रिस्ताकडे जाणारी वाट पाहिली, त्यास हे कसे सोसावे? १९१७ साली, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. त्यात प्रार्थना, भजन, मनन व सेवा यांसाठी लोकांनी एकत्र यावे. आणि बाप्तिस्मा झालेले तसेच न झालेलेही ख्रिस्तभक्त एका बंधुत्वात असावेत, अशी त्यांची योजना होती. ह्या दुसऱ्या गोष्टीमुळे पुष्कळ पाळकांस धास्ती वाटली. मंडळीची वेस मोडेल ही त्यांची भीती अगदीच पोकळ होती असे मजला म्हणवत नाही. तथापि दाराशी घुटमळणाऱ्यास बसावयास जागा देणे, हा टिळकांचा हेतू होता, आणि गावोगाव असे घुटमळणारे आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

दरबारास पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. ख्रिस्तायन हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेऊन पुरे केले. टिळकांच्या विचारांचा ठसा ज्यांवर उमटला होता त्या जॅक विन्स्लो साहेबांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला, आणि त्याचा आश्रम पुढे पुण्यास उभा राहिला. १९२३ साली त्यांनी टिळकांचे चरित्रही इंग्रजीत लिहिले. टिळकांची पदे मात्र उपासना संगीतातून आजही आपल्या भजनांत गाइली जातात.