वॉर्सा करारातील एकांडा शिलेदार : निकोलाय चाउशेस्कू

रोमानियातील स्कोर्निचेश्त या खेड्यात २६ जानेवारी १९१८ रोजी एका गरीब शेतकरी कुटुंबात निकोलाय चाउशेस्कू यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी ते बुखारेस्टला आले आणि जोडे शिवण्याचे काम शिकू लागले. तेथेच बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाशी त्यांचा संबंध आला आणि उमेदीची बरीच वर्षे तुरुंगात गेली. बंदिवासातच त्यांना पक्षाचे भावी सर्वेसर्वा गेओर्गिऊ-देज यांचा सहवास लाभला. १९६५ मध्ये देज यांच्या निधनानंतर पक्षाची सूत्रे चाउशेस्कूंच्या हाती आली.

मॉस्कोपासून अंतर राखण्याचे धोरणही त्यांना देज यांच्याकडूनच मिळाले. सोव्हिएत संघासह आठ साम्यवादी राष्ट्रांनी १४ मे १९५५ रोजी केलेल्या वॉर्सा करारात रोमानिया सामील होता. परंतु १९५८ मध्ये सोव्हिएत सैन्य रोमानियातून माघारी गेले. पोलंड, हंगेरी व पूर्व जर्मनीत मात्र ते ठाण मांडून राहिले. चाउशेस्कूंच्या धाडसाला हा मोठाच आधार होता. १९६७ मध्ये त्यांनी पश्चिम जर्मनीशी राजनैतिक संबंध जोडले आणि अरब-इस्रायल युद्धानंतर इस्रायलशी संबंध तोडण्यास नकार दिला.

ऑगस्ट १९६८ मध्ये करारातील राष्ट्रांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या. रोमानियाने सैन्य पाठवले नाही. २१ ऑगस्टला बुखारेस्टच्या चौकात जमलेल्या प्रचंड जनसमुदायासमोर चाउशेस्कूंनी या आक्रमणाचा उघड निषेध केला. करार सोडू पाहणाऱ्या हंगेरीचे १९५६ मध्ये काय झाले, हे ते विसरले नव्हते. त्यांनी सदस्यत्व सोडले नाही आणि देशातील एकपक्षीय सत्ताही तसूभर सैल केली नाही. त्यामुळे प्रागमध्ये मॉस्कोला जी भीती वाटली, ती बुखारेस्टमध्ये वाटण्याचे कारण नव्हते.

पश्चिमेने मात्र या नकाराचे भरभरून कौतुक केले. १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बुखारेस्टला आले. १९७८ मध्ये ब्रिटनच्या राणीने चाउशेस्कूंचे राजकीय इतमामाने स्वागत केले. कर्जेही सहज मिळाली. देशात गुप्त पोलिसांचा पहारा होता आणि १९६६ पासून गर्भपातावर कठोर बंदी होती, याकडे बाहेर फारसे कोणी पाहिले नाही. पुढे ती कर्जे फेडण्यासाठी अन्नधान्य परदेशी रवाना होऊ लागले. १९८० च्या दशकात रोमानियाची जनता शिधापत्रिकेवरील पावासाठी रांगेत उभी राहिली आणि कडाक्याच्या थंडीत अपुऱ्या उष्णतेवर दिवस काढू लागली.

ऑगस्ट १९८९ मध्ये पोलंडमध्ये सॉलिडॅरिटीचे सरकार येऊ घातले, तेव्हा ते रोखण्यासाठी साम्यवादी राष्ट्रांनी एकत्र पावले उचलावीत, असा आग्रह चाउशेस्कूंनीच धरला. एकवीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या कारभारातील ज्या हस्तक्षेपाचा त्यांनी निषेध केला होता, तोच आता त्यांना हवा होता. गोर्बाचेव्ह यांच्या मॉस्कोने तो मानला नाही.

डिसेंबरमध्ये तिमिश्वारा शहरात उठाव झाला व तेथे गोळीबारात माणसे मेली. २१ डिसेंबरला बुखारेस्टच्या त्याच चौकात भाषणाला उभ्या राहिलेल्या चाउशेस्कूंना जमावाने मध्येच थांबवले. दुसऱ्या दिवशी ते पळाले, पण पकडले गेले. २५ डिसेंबर १९८९ रोजी तर्गोविश्ते येथे घाईघाईने चाललेल्या खटल्यानंतर त्यांना व पत्नी एलेना यांना गोळ्या घालण्यात आल्या. या वेळी रोमानियात कोणतीही परकी फौज आली नव्हती. त्यांच्याविरुद्ध उठले होते ते त्यांचेच देशबांधव. वॉर्सा करार १ जुलै १९९१ रोजी विसर्जित झाला.