विश्लेषण : शंभर दिवस फक्त सील आणि मासे! डॉ. ह्यू सिंक्लेअर यांच्या प्रयोगाने काय दाखवले?

वय ६९ वर्षे, ताटात फक्त सीलचे मांस, मासे आणि शिंपले-कोळंबीसारखे समुद्री जीव. प्यायला पाणी. पाव नाही, भाजी नाही, फळ नाही. ब्रिटिश पोषणतज्ज्ञ डॉ. ह्यू सिंक्लेअर १९७९ मध्ये असे शंभर दिवस जगले. माशांच्या तेलाच्या कॅप्सूल आज औषधांच्या दुकानात सहज मिळतात. त्या तेलाची ताकद आणि धोका, दोन्ही त्यांनी स्वतःच्या शरीरावर पाहिले.

कोण होते सिंक्लेअर?

१९१० मध्ये एडिंबरा येथे जन्मलेले सिंक्लेअर ऑक्सफर्डमध्ये शिकले आणि १९३७ मध्ये तेथील मॉडलिन कॉलेजचे फेलो झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रेशनिंग असताना जनतेच्या पोषणाची पाहणी करण्याचे काम त्यांच्याकडे होते. १९४५ मध्ये उपासमारीने ग्रासलेल्या नेदरलँड्समध्येही त्यांचे पथक गेले. युद्धकाळातच कॅनडात इन्युइट लोकांचा चरबीयुक्त आहार त्यांनी पाहिला आणि तेथून त्यांच्या विचारांना वेगळी दिशा मिळाली.

वाद कशामुळे झाला?

१९५६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे दीर्घ पत्र छापून आले. प्रक्रिया केलेल्या अन्नामुळे शरीराला आवश्यक असलेली मेदाम्ले कमी पडतात आणि हृदयविकारासह अनेक आजारांचे मूळ त्यात आहे, असा त्यांचा दावा होता. पुरावा तोकडा आणि दावा मोठा, त्यामुळे टीका झाली, टिंगलही झाली. १९५८ मध्ये त्यांचे ऑक्सफर्डमधील प्रपाठकपद गेले. तरीही त्यांनी विषय सोडला नाही.

स्वतःवरच प्रयोग का?

१९७० पासून बँग आणि डायरबर्ग हे डॅनिश संशोधक ग्रीनलँडमधील इन्युइटांच्या रक्ताची तपासणी करत होते. भरपूर चरबी खाऊनही त्यांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड कमी आढळले. १९७६ मध्ये सिंक्लेअरही त्यांच्यासोबत तेथे गेले. हा परिणाम वंशाचा की आहाराचा, हा प्रश्न होता. मग त्यांनी तोच आहार स्वतः घेतला. त्वचेवरील बारीक जखमेतून येणारे रक्त आधी तीन-चार मिनिटांत थांबत असे. प्रयोगात त्याला पन्नास मिनिटांहून अधिक वेळ लागू लागला.

शरीरात नेमके काय घडते?

माशांच्या तेलातील ईपीए हे ओमेगा-३ मेदाम्ल रक्तातील प्लेटलेट पेशींत शिरते आणि तेथील ओमेगा-६ प्रकारच्या मेदाम्लाची जागा घेते. परिणामी प्लेटलेट सहज एकमेकांना चिकटत नाहीत आणि गुठळी उशिरा होते. यकृतातही ओमेगा-३मुळे ट्रायग्लिसराइड कमी तयार होते.

आज विज्ञान काय सांगते?

एका माणसावरचा प्रयोग हा पुरावा म्हणून अपुराच. इन्युइटांमध्ये हृदयविकार खरोखरच कमी होता का, यावरही पुढे शंका घेतली गेली. वाढलेले ट्रायग्लिसराइड मोठ्या मात्रेतील ओमेगा-३मुळे घटते, हे मात्र पक्के झाले आहे. पण त्यामुळे हृदयविकार टळतोच असे नाही. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत १५ हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांना रोज एक ग्रॅमची कॅप्सूल देऊनही हृदयविकार, पक्षाघात यांत लक्षणीय घट झाली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या चाचणीत, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रुग्णांना रोज चार ग्रॅम शुद्ध ईपीए दिल्यावर लाभ दिसला. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाणही वाढले.

म्हणून आहारात बांगडा, तारली असे तेलकट मासे घेणे वेगळे आणि मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल मनाने सुरू करणे वेगळे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नयेत.

सिंक्लेअर यांचे १९९० मध्ये निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या संपत्तीतून १९९५ मध्ये रेडिंग विद्यापीठात त्यांच्या नावाने मानवी पोषणाचा विभाग सुरू झाला. आहारातील मेदाचा हृदयावर आणि चयापचयावर काय परिणाम होतो, हा त्यांचाच प्रश्न तेथे अभ्यासला जातो. फरक इतकाच की, आता ताटासमोर एकटा माणूस नसतो, तर तुलना करता येतील असे अनेक स्वयंसेवक असतात.