उपकार न विसरणारा पुरुष : बाळाजी विश्वनाथ

रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या, अगदीं दक्षिण टोंकास हरिहरेश्वर हें गांव आहे. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री नदी या गांवाशेजारीं समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वराची टेकडी, दक्षिणेस बाणकोटचा किल्ला, आणि त्याच्याच लगत रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास हें लहानसें गांव. मध्यें खाडी आहे. आज बागमांडल्याहून पलीकडे वेसवीस मोटारीसुद्धां नेणारी फेरीबोट चालते, आणि मनुष्य घटकाभरांत एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत जातो. हरिहरेश्वरीं यात्रेकरू येतात. वेळासच्या वाळूंत कासवांचीं पिलें निघतात, तीं पाहावयास दूरदूरचे लोक जातात. परंतु या खाडीच्या दोन कांठांवरील दोन घराण्यांमध्यें एके काळीं जें घडलें, त्याची आठवण थोड्यांस असते. तो व्यवहार जमिनीचा नव्हता, व्याजबट्ट्याचाही नव्हता. तो उपकाराचा होता, आणि तो शंभर वर्षें चालला.

उत्तर कांठावरचें घराणें भटांचें. हे श्रीवर्धनचे राहणारे, तेथील देशमुखीचे वतनदार, आणि हरिहरेश्वर हें त्यांचें कुलदैवत. या घरांत विश्वनाथपंतांच्या पोटीं बाळाजी जन्मास आले. पुढें हेच मराठी राज्याचे पेशवे झाले, व त्यांचा पुत्र पहिला बाजीराव याचें नांव हिंदुस्थानभर गाजलें. परंतु आरंभीं बाळाजीपंत हे एक साधे वतनदार कारकून होते. श्रीवर्धनावर त्या वेळीं जंजिऱ्याच्या सिद्दीचा अंमल होता. सिद्दी व मराठे यांचें हाडवैर; दोहोंच्या मध्यें सांपडलेल्या वतनदारांचें जिणें अडकित्त्यांतील सुपारीसारखें. भटांचें मराठ्यांशीं संधान आहे असा सिद्दीस संशय आला. बाळाजीपंतांचे बंधु जानोजी यांस धरून, गोणींत घालून समुद्रांत बुडविलें, असें बखरींतून सांगितलें आहे. तेव्हां वतन, घर व गुरेंढोरें टाकून बाळाजीपंत कुटुंबासह निघाले आणि खाडी उतरून वेळासेस आले.

वेळास हें भानूंचें गांव. हरि महादेव, बाळाजी महादेव व रामाजी महादेव हे तिघे बंधु तेथें नांदत होते. त्यांस स्वतःवर कांहीं संकट नव्हतें. दारीं आलेला शेजारी हा राजाचा अपराधी ठरलेला मनुष्य. त्यास आश्रय देणें म्हणजे आपल्या घरावर निखारा ठेवून घेणें. त्यांनीं त्यास एक रात्र ठेवून पहांटे वाटेस लाविलें असतें, तरी कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु बखरकार सांगतात कीं, त्या बंधूंनीं आपलेंही घर सोडलें आणि त्याच्याबरोबर ते घांट चढावयास निघाले. वाटेंत बाळाजीपंत पकडले जाऊन अंजनवेलच्या किल्ल्यांत कैदेंत पडले, तेव्हां भानूंनींच किल्लेदारास वश करून त्यांस सोडविलें. त्या वेळीं बाळाजीपंतांजवळ द्यावयास कांहीं नव्हतें. पुढें जी भाकरी मिळेल तींत तुमचा वांटा राहील, एवढाच शब्द त्यांनीं दिला. अडचणींत सांपडलेला मनुष्य असा शब्द पुष्कळदां देतो. तो ऐकणाराही बहुधा हंसून सोडून देतो.

घांटावर सासवड येथें पुरंदरे घराण्याचा आश्रय मिळाला. बाळाजीपंत हिशेबांत निष्णात, बोलण्यांत सौम्य, आणि माणसें जोडण्यांत विलक्षण. मोठे घोडेस्वार म्हणून त्यांची ख्याति नव्हती. परंतु त्या धामधुमीच्या काळांत तलवार चालविणारे पुष्कळ होते, आणि महसुलाची घडी बसविणारे थोडे होते. १६९९ पासून १७०२ पर्यंत ते पुणें प्रांताचे सरसुभेदार होते व पुढें दौलताबादेकडील काम त्यांजकडे आलें. नंतर ते सेनापति धनाजी जाधव यांचे विश्वासू कारभारी झाले.

१७०७ सालीं औरंगजेब मरण पावल्यावर शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून दक्षिणेंत आले. ताराबाईंनीं त्यांचा हक्क मानला नाहीं. त्या वर्षीं खेडच्या लढाईंत धनाजीराव शाहूंच्या पक्षास मिळाले, त्यांत बाळाजीपंतांच्या मध्यस्थीचा मोठा भाग होता. १७०८ च्या जानेवारींत शाहूंचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला. परंतु तें राज्य नांवाचेंच होतें. सरदार आज या पक्षाचे, तर उद्यां त्या पक्षाचे. धनाजीरावांचा पुत्र चंद्रसेन हा तर बाळाजीपंतांच्या जिवावरच उठला. तेव्हां मुलांसह पळण्याची पाळी त्यांजवर पुन्हां आली, आणि पिलाजी जाधव व धुमाळ यांनीं त्यांचा बचाव केला. ज्याच्या पाठीशीं सैन्य नाहीं, त्यास दुसऱ्याच्या चांगुलपणावरच जगावें लागतें, हा धडा या पुरुषास दोनदां मिळाला.

१७१३ सालीं कान्होजी आंग्र्यांनीं शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैद केलें. त्या वर्षाच्या नोव्हेंबराच्या १७ व्या तारखेस पुण्याजवळ मांजरी येथें शाहूंनीं बाळाजीपंतांस पेशवाईचीं वस्त्रें दिलीं. नवे पेशवे कान्होजींवर गेले ते लढाई करून नव्हे, तर बोलणें लावून जिंकले. १७१४ च्या फेब्रुवारींत लोणावळ्यास तह झाला; आंग्र्यांस सरखेलीचें पद व किल्ले मिळाले, आणि ते शाहूंचे झाले.

आतां वाचकांनीं वेळासच्या शब्दाकडे पुन्हां पाहावें. पेशवाई मिळाली, म्हणजे भाकरी मिळाली. तीही चतकोर नव्हे, अख्खी परात. तेव्हां बाळाजीपंतांस वेळासची वाट आठवली. राज्याच्या जमाखर्चाचें दफ्तर ज्याच्या हातीं असतें, तें फडणिशीचें काम भानू बंधूंकडे आलें. आणि सासवडच्या आबाजी पुरंदऱ्यांस पेशव्यांचे मुतालिक नेमण्यांत आलें. उपकाराची फेड करावयाची म्हणून त्यांनीं केवळ शालजोडी पांघरली नाहीं. आपल्या कारभाराच्या मध्यभागीं, जेथें अत्यंत विश्वासू मनुष्यच बसवावा, तेथें जुन्या सोबत्यांस बसविलें. ज्यांनीं आपणांस निर्धन स्थितींत पाहिलें आहे, अशीं माणसें वैभवांत डोळ्यांसमोर नकोशीं होतात, हा सर्वत्र अनुभव आहे. तीं दूर ठेवलीं म्हणजे आपली जुनी गरिबी झांकते असें वाटतें. बाळाजीपंतांनीं त्यांस जवळ बसविलें, यांतच त्यांचें मोठेपण आहे.

१७१८ सालीं सय्यद बंधूंच्या साह्यास मराठी फौज घेऊन पेशवे दिल्लीस निघाले. १७१९ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस दिल्लींत बादशहा फर्रुखसियर पदच्युत झाला, आणि त्या गडबडींत शहरच्या रस्त्यांवर दीड-दोन हजार मराठे मारले गेले. त्यांत संताजी भोसले पडले, आणि वेळासचे बाळाजी महादेव भानूही पडले. पेशव्यांचा जीव वांचावा म्हणून त्यांनीं आपला जीव दिला, असें परंपरेनें सांगत आले आहेत. म्हणजे ज्याचे उपकार फेडावयाचे, त्यानें आणखी एक उपकार करून ठेविला, आणि हा फेडतां येण्यासारखा नव्हता. त्या मोहिमेंत स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा मिळाल्या. इतिहासाचीं पुस्तकें सनदांस मोठें स्थान देतात, व तें योग्यच आहे. परंतु शाहू महाराजांच्या मनास ज्या एका गोष्टीनें ओलावा आला असेल, ती निराळी होती. १६८९ सालीं रायगड पडल्यापासून कैदेंत असलेल्या त्यांच्या मातोश्री येसूबाई सुमारें ३० वर्षांनीं सुटून परत आल्या. पेशव्यांनीं धन्याची माता घरीं आणून पोंचविली.

त्यानंतर लवकरच, १७२० च्या एप्रिल महिन्यांत, बाळाजीपंत सासवड येथें वारले. त्यांचा पुत्र बाजीराव विसाव्या वर्षांत होता. इतक्या कोंवळ्या मुलास पेशवाई देऊं नये, असें पुष्कळ दरबारी मंडळींचें मत होतें. तरी शाहूंनीं तीं वस्त्रें त्यासच दिलीं. मुलाची योग्यता त्यांनीं ओळखली होती, हें खरें. परंतु बापाच्या सेवेची आठवणही त्यांत होती. ज्यानें भानूंचे उपकार स्मरले, त्याच्या मुलास राजानें उपकार स्मरून उभें केलें.

ही गोष्ट येथें संपत नाहीं. दिल्लीस पडलेल्या बाळाजी महादेवांचे पुत्र जनार्दन, आणि जनार्दनांचे पुत्र बाळाजी, आजोबांचेंच नांव. लोक त्यांस नाना फडणीस म्हणून ओळखतात. त्यांचा जन्म १७४२ चा. १७७३ च्या आगस्टांत बाळाजीपंतांचे पणतू नारायणराव पेशवे यांचा पुण्यास खून झाला. त्यांची पत्नी गरोदर होती. नानांनीं व इतर कारभाऱ्यांनीं तिला पुरंदरावर संभाळलें. १७७४ च्या एप्रिलांत मुलगा झाला, आणि सवाई माधवराव हें नांव पावलेल्या त्या तान्ह्या बाळाच्या नांवानें त्यांनीं राज्य चालविलें. एका भटानें खाडी उतरून भानूंच्या दारीं आसरा मागितला होता; सुमारें पाऊणशें वर्षांनीं त्याच्या खापरपणतवास पाळण्यांत असतांना भानूंच्याच नातवाचा आसरा मिळाला.

आतां एक कडू भागही सांगितला पाहिजे, नाहीं तर चरित्र अपुरें राहील. कृतज्ञतेनें दिलेलीं पदें वंशपरंपरेचीं झालीं. फडणिशी, मुतालकी, पेशवाई हीं कामें रयतेचीं. परंतु तीं घराण्यांचीं वतनें बनलीं, आणि बापाचे गुण नसलेलीं मुलेंही त्या गाद्यांवर बसलीं. उपकार फेडावयाचा तो आपल्या ताटांतून फेडावा. सर्वांच्या कोठारांतून फेडूं लागलें म्हणजे कोठें थांबावें तें समजत नाहीं. शिवाय, गादी वारशानें मिळते, तशी कृतज्ञता मिळत नाहीं. बाळाजीपंतांचाच दुसरा पणतू, दुसरा बाजीराव, पेशवा असतां १७९७ च्या अखेरच्या दिवशीं पुण्यांत दगा होऊन म्हाताऱ्या नानांस शिंद्यांच्या कैदेंत पडावें लागलें. ते पुढें सुटले, आणि १८०० च्या मार्चांत मरण पावले. त्यानंतर १८ वर्षांनीं पेशवाईही संपली. राज्य बुडण्याचीं कारणें अनेक आहेत, आणि तीं सर्व एका दोषावर घालणें न्याय्य होणार नाहीं. परंतु ज्या घरांत खाडीपलीकडची वाट आठवेनाशी झाली, त्या घराचा पाया खचलेला होता, हें कोणासही दिसेल.

श्रीवर्धनास आज बाळाजी विश्वनाथांचा पुतळा आहे, आणि वेळासेस नानांचें स्मारक आहे. परंतु जे तिघे बंधु आपलें दार लावून कुलूप घालून एका पळपुट्या शेजाऱ्याबरोबर निघाले, त्यांचीं नांवें विचारल्यास सांगणारा मनुष्य क्वचित् भेटेल. जगाची रीत अशीच आहे. ज्यावर उपकार झाला त्याचा पुतळा होतो, करणाऱ्याचा होत नाहीं. म्हणून करणाऱ्याची आठवण ठेवण्याचें काम ज्यावर उपकार झाला त्याच्या घरावर पडतें.

आपल्या प्रत्येक घराचें एखादें वेळास असतें. दुष्काळाच्या वर्षीं कोणी बियाणें दिलें होतें. कोणी आपल्या आजोबांस मुंबईस नेऊन गिरणींत चिकटवून दिलें होतें. कोणी मुलाच्या शाळेच्या फीसाठीं बांगडी मोडली होती. दिवस पालटतात, कौलारू घराचें पक्कें घर होतें, आणि त्या मनुष्याचें नांव घरांत उच्चारलेंही जात नाहीं. बाळाजीपंतांप्रमाणें फडणिशी देणें आपल्या हातीं नाहीं. परंतु तो मनुष्य जिवंत असेल तर त्याच्या उंबऱ्यापर्यंत जाणें, आणि नसेल तर त्याच्या मुलांची विचारपूस करणें, हें आपल्या हातीं आहे. आणि रात्रीं जेवणाच्या वेळीं मुलें भोंवतीं बसलीं असतां, ही भाकरी प्रथम कोणाच्या आधारानें मिळूं लागली, तें नांव घेऊन त्यांस सांगावें. वडिलांनीं सांगितल्यावांचून मुलांस तें कळणार नाहीं.