जग खरंच उपाशी होतं का? आहाराच्या बातम्यांमागचं गणित तपासणारे पांडुरंग सुखात्मे

ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा. यवतमाळकडच्या शेतकरी घरातलं ओळखीचं ताट. यात प्रोटीन नाही, पावडर घ्या, असं सांगणारे रील्स आज रोज दिसतात. पण हीच भीती १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने जगाला घातली होती: प्रोटीनचं संकट येतंय! तेव्हा आकडे पुढे ठेवून त्यावर शंका घेणाऱ्यांत एक मराठी माणूस होता, आणि तोही संयुक्त राष्ट्रांच्याच नोकरीत. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

जन्म २७ जुलै १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी. फर्ग्युसन कॉलेजनंतर लंडनला जाऊन ते संख्याशास्त्र शिकले. आहारतज्ज्ञ नव्हतेच ते. १९४०च्या दशकात दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत पिकांचं उत्पादन मोजण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तिथे एक गोम सापडली. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असला, की रेषेवरची रोपं आतच धरली जातात आणि उत्पादन फुगतं. हे त्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं. शेत तेच, पीक तेच. मोजण्याची पद्धत चुकली की आकडा खोटा!

१९५१ मध्ये ते अन्न व कृषी संघटनेत, पुढे रोमला संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. तेव्हा एक वाक्य जगभर फिरत होतं: दोन-तृतीयांश माणसं उपाशी. सांगणारे होते जॉन बॉइड ऑर, संघटनेचे पहिले महासंचालक आणि नोबेल विजेते. कोण शंका घेणार? पण देशाची सरासरी कमी म्हणून तिथला प्रत्येक जण उपाशी ठरत नाही. १९६१ मध्ये सुखात्मेंनी नवा हिशेब मांडला. पोटाला कमी मिळणारे १० ते १५ टक्के. निकस आहारवाले धरले तर एक-तृतीयांश ते निम्मे. हाही आकडा भयंकरच होता, फक्त बातमीइतका मोठा नव्हता.

मग प्रोटीनचा वाद. भारतातल्या आहार-पाहण्या तपासल्यावर त्यांना दिसलं, की ज्यांना प्रोटीन कमी पडतं त्यातल्या बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडतं. शरीराला ऊर्जा पुरली नाही की ते प्रोटीनच जाळतं. चुलीत सागवान घालावं तसं. यवतमाळकरांना सागवानाची किंमत वेगळी सांगायला नको! उलट ज्वारीत १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम प्रोटीन, तुरीत त्याच्या दुपटीहून जास्त, आणि भाकरीत कमी असलेलं लायसिन डाळ भरून काढते. म्हणजे हे ताट पोटभर मिळालं, तर डबा आणायची गरज सहसा नाही. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड मॅकलारेन यांनीही या प्रोटीन-मोहिमेला फसगत ठरवलं.

गोष्ट इथे संपली असती तर सुखात्मे नायक ठरले असते. पण १९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी धरून भारतातली गरिबी मोजली. सुखात्मेंचा आक्षेप होता, की ही सरासरी गरज आहे. त्याखालची कितीतरी माणसं धडधाकट असतात. शरीर स्वतःचा खर्च कमी-जास्त करतं, म्हणून रेषा खाली हवी. रेषा खाली आणली की कागदावरचे उपाशी लोक झपाट्याने घटत होते.

टीकाकारांनी मग त्यांच्याच पद्धतीने त्यांना गाठलं. हा निष्कर्ष कशावरून? त्यांच्या पुराव्यात महत्त्वाच्या होत्या ब्रिटिश सैन्यातल्या काही नव्या रंगरुटांच्या थोड्या आठवड्यांच्या नोंदी. खाऊनपिऊन धट्टेकट्टे तरुण. त्यावरून उन्हात दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईचं शरीर किती तग धरेल, हे कसं ठरवायचं? कमी खाण्यावर ती जगते, पण वजन घटवून आणि काम कमी करून, असं सी. गोपालन यांच्यासारखे पोषणतज्ज्ञ सांगत राहिले.

सुखात्मे १९९७ मध्ये गेले. भूक मोजायची रेषा कुठे ओढायची, यावर अभ्यासक अजून भांडताहेत.