हेन्री ड्युनांट

झाँ-हेन्री ड्युनांट (८ मे १८२८, जिनिव्हा – ३० ऑक्टोबर १९१०, हायडन) हे स्विस व्यापारी व रेड क्रॉस चळवळीचे जनक होत. १९०१ साली पहिले नोबेल शांतता पारितोषिक त्यांना फ्रेंच शांततावादी फ्रेडेरिक पासी यांच्यासह विभागून देण्यात आले.

अल्जीरियातील आपल्या गिरणी-व्यवसायाला पाण्याचे हक्क मिळावेत म्हणून ते तिसऱ्या नेपोलियनच्या भेटीस निघाले होते. वाटेत, २४ जून १८५९ रोजी, उत्तर इटलीतील सोल्फेरिनो येथे फ्रान्स-सार्डिनिया व ऑस्ट्रिया यांच्यात घनघोर लढाई झाली. मृत, जखमी व बेपत्ता यांची संख्या सुमारे ४० हजार होती. जवळच्या कास्तील्योने गावातील चर्च जखमींनी भरून गेले. वैद्यकीय ज्ञान नसतानाही ड्युनांट यांनी गावकऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, हाताशी धरून शत्रू-मित्र असा भेद न करता शुश्रूषा केली.

या अनुभवावरील पुस्तक त्यांनी १८६२ मध्ये स्वखर्चाने छापले. शांततेच्या काळातच स्वयंसेवकांची मदतसंस्था उभारावी व तिला आंतरराष्ट्रीय कराराचा आधार असावा, ही त्यातील मुख्य सूचना. केवळ करुणेचे आवाहन करून ते थांबले नाहीत, हे या पुस्तकाचे खरे वैशिष्ट्य. फेब्रुवारी १८६३ मध्ये जिनिव्हात पाच जणांची समिती स्थापन झाली. ड्युनांट तिचे चिटणीस होते. रणांगणावरील वैद्यकीय सेवकांना तटस्थ मानावे, ही त्यांची कल्पना सहकारी गुस्ताव्ह मोयनिए यांना अव्यवहार्य वाटे. तरीही २२ ऑगस्ट १८६४ रोजी १२ राष्ट्रांनी सही केलेल्या पहिल्या जिनिव्हा करारात तीच मूलभूत ठरली.

संस्था वाढत असताना संस्थापकाचा व्यवसाय मात्र बुडाला. १८६७ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले, त्यात अनेक जिनिव्हाकरांचे पैसे गेले आणि समितीने त्यांना दूर केले. धनकोंचा रोष निराधार नव्हता. पण मोयनिए यांचे वैर त्याहून दीर्घकाळ टिकले. ड्युनांट पुन्हा कधीही जिनिव्हात परतले नाहीत. पुढील सुमारे दोन दशके दारिद्र्यात व भटकंतीत गेली. १८९२ पासून ते हायडनच्या रुग्णालयात राहिले. १८९५ मध्ये एका पत्रकाराच्या लेखामुळे युरोपला त्यांचा पुन्हा शोध लागला.

पारितोषिकाची रक्कम धनकोंच्या हाती जाऊ नये म्हणून ती नॉर्वेत ठेवण्यात आली. ड्युनांट यांनी ती स्वतःवर खर्च केली नाही. ऑगस्ट १९१० मध्ये मोयनिए वारले. त्यानंतर दोन महिन्यांनी ड्युनांट यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार झुरिक येथे समारंभाविना अंत्यविधी करण्यात आला. हायडनच्या रुग्णालयात गरीब रुग्णांसाठी एक खाट कायम विनामूल्य असावी, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली होती.