बाबांपासून पळालेला राजपुत्र

जर्मनीतल्या पॉट्सडॅममध्ये एका साध्या थडग्यावर लोक चक्क बटाटे ठेवतात. ते थडगं आहे प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याचं. इतिहासात तो ‘फ्रेडरिक द ग्रेट’ म्हणून भेटतो. पण वयाच्या १८व्या वर्षी हा ‘ग्रेट’ माणूस वडिलांना कंटाळून पळून जाताना पकडला गेला होता.

फ्रेडरिकचा जन्म २४ जानेवारी १७१२चा, बर्लिनमधला. वडील, म्हणजे राजा फ्रेडरिक विल्यम, यांना दोनच गोष्टी प्रिय : काटकसर आणि कवायत. उंच शिपायांची एक खास पलटणच त्यांनी जमवली होती. पोराला मात्र बासरी आणि फ्रेंच पुस्तकांचं वेड. वडिलांच्या मते ही सगळी नाजूक थेरं. चारचौघांत ते पोराला काठीने झोडपायचे.

ऑगस्ट १७३०मध्ये वडिलांसोबत दौऱ्यावर असताना फ्रेडरिकने बेत आखला. फ्रान्समार्गे इंग्लंड गाठायचं; तिथला राजा त्याचा सख्खा मामा होता. बेत फसला. मदत करणारा जिवलग मित्र, २६ वर्षांचा लेफ्टनंट काट्टे, बर्लिनमध्ये पकडला गेला. लष्करी न्यायालयाने काट्टेला जन्मठेप दिली. राजाने ती बदलून मृत्युदंड केला. ६ नोव्हेंबर १७३०ला कुस्ट्रिनच्या किल्ल्यात काट्टेचं शिर उडवलं गेलं आणि ते बघायला फ्रेडरिकला खिडकीशी उभं केलं. मित्राची माफी मागून तो बेशुद्ध पडला.

त्यानंतर फ्रेडरिक बदलला. निदान तसं दाखवू तरी लागला. कारकुनी शिकला, पलटण सांभाळली, वडिलांनी ठरवलेल्या मुलीशी १७३३मध्ये मुकाट लग्न केलं. मनाने मात्र तो तिचा कधीच झाला नाही.

मे १७४०मध्ये वडील गेले. गादीवर येताच काही दिवसांत त्याने चौकशीतल्या छळावर जवळपास बंदी आणली. कपटी राज्यकर्त्यांवर टीका करणारं त्याचं पुस्तकही त्याच वर्षी छापलं गेलं. सगळ्यांना वाटलं, आला तत्त्वज्ञ राजा! आणि डिसेंबरमध्ये याच राजाने ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात फौजा घुसवल्या. वडिलांनी जपून जमवलेलं सैन्य आणि खजिना मुलाने वापरला. पुढे १७५६ ते १७६३ सात वर्षं युद्ध पेटलं. १७५९मध्ये कुनर्सडॉर्फला असा दारुण पराभव झाला, की त्याच्या मनात आत्महत्येचे विचार आले. १७६२मध्ये रशियाची सम्राज्ञी वारली, नव्या झारने तह केला आणि प्रशिया वाचली. सायलेशिया राहिली, पण लाखो माणसं गेली.

बासरी मात्र सुटली नाही. सान्सुसी या आपल्या छोट्या राजवाड्यात संध्याकाळी तो वाजवायचा. दुष्काळात पोट भरावं म्हणून शेतकऱ्यांना बटाटे लावायचा हुकूमही त्याचाच. थडग्यावरचे बटाटे त्याचीच आठवण.

१७ ऑगस्ट १७८६ला तो गेला. इच्छा साधी होती : सान्सुसीच्या गच्चीवर, लाडक्या कुत्र्यांशेजारी पुरा. पुतण्याने ऐकलं नाही. त्याला चर्चमध्ये नेऊन ठेवलं ते थेट वडिलांच्या शेजारी! दुसऱ्या महायुद्धात शवपेट्या हलवल्या गेल्या, तेव्हाही बापलेक सोबतच फिरले.

शेवटी १७ ऑगस्ट १९९१ला त्याला कुत्र्यांशेजारची ती जागा मिळाली. बाबांपासून सुटायला त्याला मेल्यावरही २०५ वर्षं लागली.