सागरतळीचा यात्रिक

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा नदी वाहते. अष्टविनायकांपैकी एकाचे स्थान असलेले सिद्धटेक हे गाव याच तालुक्यात, भीमेच्या काठी वसलेले आहे. या भागात पाऊस बेताचाच पडतो आणि समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे फार दूर राहिला. येथील मुले पोहायला शिकतात ती नदीच्या डोहात, नाहीतर शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. त्यांच्यापैकी एखाद्याने बुडी मारून पाण्यात डोळे उघडले, तर त्याला काय दिसते? सारे धूसर आणि अस्पष्ट. स्वतःच्या हाताची बोटेदेखील धुक्यात असल्यासारखी भासतात.

याचे कारण सोपे आहे. हवेतून डोळ्यांत शिरताना प्रकाशाचे किरण वाकतात, आणि म्हणून आपल्याला वस्तू रेखीव दिसते. पाण्यातून डोळ्यांत शिरताना मात्र ते पुरेसे वाकत नाहीत. परंतु डोळ्यांपुढे काच धरली आणि काच व डोळा यांच्यामध्ये थोडी हवा कोंडून ठेवली, की पाण्याखालचे जग एकदम स्पष्ट होते. आज मालवणच्या किनाऱ्यावरून होडीत बसून कितीतरी लोक सिंधुदुर्गाच्या आसपास जातात. तोंडावर काचेचा मुखवटा चढवून व तोंडात श्वासाची नळी धरून ते पाण्यावर पालथे तरंगतात, आणि खालची प्रवाळे व रंगीबेरंगी मासे पाहून थक्क होतात. हे दृश्य सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्यात ज्यांचा वाटा मोठा आहे, त्यांत झाक ईव्ह कूस्तो या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

कूस्तोचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या लहानशा गावी झाला. तो लहानपणी अशक्त होता, वरचेवर आजारी पडे. तरीही पाण्याची ओढ त्याला पहिल्यापासून होती. वडिलांच्या नोकरीमुळे हे कुटुंब काही काळ अमेरिकेत राहिले. तेथे एका सुट्टीतील शिबिरात तळ्याच्या तळाशी साचलेल्या वाळक्या फांद्या बाहेर काढण्याचे काम त्याला देण्यात आले. ते काम करता करता श्वास रोखून पाण्याखाली राहण्याची सवय त्याला लागली.

शाळेत त्याचे मन फारसे रमले नाही. खोडकरपणापायी शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या, म्हणून त्याला शाळेतून काढूनही टाकण्यात आले. परंतु ज्या गोष्टींत त्याला गोडी वाटे, त्यांत तो तासन् तास गढून जाई. यंत्रे खोलून पुन्हा जोडणे हा त्याचा आवडता उद्योग. साठविलेल्या पैशांतून त्याने लहान वयातच चलच्चित्रे टिपणारा एक कॅमेरा विकत घेतला. पाणी, यंत्र आणि कॅमेरा हे तीन छंद पुढे जन्मभर त्याच्या सोबतीला राहिले.

१९३० साली कूस्तो फ्रान्सच्या आरमारी विद्यालयात दाखल झाला. त्याला वैमानिक व्हायचे होते व तसे शिक्षणही सुरू झाले. परंतु १९३६ च्या सुमारास घाटातील रस्त्याने तो रात्री मोटार चालवीत असता गाडीचे दिवे अकस्मात विझले आणि भयंकर अपघात झाला. त्याचे दोन्ही हात मोडले. एका हाताची जखम इतकी चिघळली, की तो हात कापून टाकावा असे डॉक्टरांचे मत पडले. कूस्तोने त्यास ठाम नकार दिला. कित्येक महिने त्याने निर्जीव बोटे हलविण्याचा प्रयत्न चालू ठेवला. हात वाचले, पण वैमानिक होण्याची आशा कायमची मावळली.

हात बळकट व्हावेत म्हणून तो तूलाँ बंदराजवळच्या समुद्रात रोज पोहू लागला. तेथे फिलिप ताय्ये नावाच्या सहकारी अधिकाऱ्याने त्याला पाणबुड्यांचा एक चष्मा दिला. तो लावून कूस्तोने १९३६ साली एका सकाळी पाण्यात डोके घातले. किनाऱ्यावरून केवळ निळे पाणी दिसत होते. त्याच पाण्यात आता खडक, झुलणारी शेवाळे आणि चमकणारे मासे दिसू लागले. त्याने डोके वर काढले, तर रस्त्यावरून वाहने धावत होती. पुन्हा डोके खाली घातले, की ते जग नाहीसे होई आणि दुसरे समोर येई. दोन जगांमधील अंतर अवघे एका काचेचे होते! आपले आयुष्य आता या दुसऱ्या जगासाठी आहे, हे त्याच्या मनाने घेतले.

ताय्ये, फ्रेदेरिक द्युमा आणि कूस्तो अशी त्रयी जमली. द्युमा भाल्याने मासे मारण्यात पटाईत होता. हे मित्र जुन्या रबरी नळ्या, काच अशा साध्या वस्तूंपासून मुखवटे व श्वासनळ्या बनवीत आणि भाले घेऊन समुद्रात उतरत. त्या काळी कूस्तोच्या दृष्टीने समुद्र म्हणजे शिकारीचे रान होते.

श्वासाची नळी तोंडात धरून माणूस पृष्ठभागावर तरंगू शकतो, पण फार खाली जाऊ शकत नाही. नळी लांब केली तर काम भागेल असे कोणालाही वाटेल. परंतु पाण्याखाली छातीवर पाण्याचा दाब पडतो, तर नळीतून येणारी हवा वरच्या साध्या दाबाचीच असते. त्यामुळे थोडे खोल जाताच छाती फुगविता येत नाही. पाण्यात दर १० मीटर खोलीला वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढत जातो. तेव्हा पाणबुड्याने हवा बरोबर नेली पाहिजे, आणि ती सभोवतालच्या दाबाइतक्याच दाबाने त्याला मिळाली पाहिजे, हे उघड होते. कूस्तोने प्रथम शुद्ध प्राणवायू वापरून पाहिला. सुमारे १४ मीटर खोलीवर त्याला आचके येऊ लागले. कमरेची वजने सोडून तो कसाबसा वर आला. अधिक दाबाखाली प्राणवायूच विषासारखा ठरतो, हा धडा त्याला जिवावर बेतून मिळाला.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. देशात पेट्रोलचा दुष्काळ पडल्यामुळे मोटारी ज्वलनवायूवर चालवाव्या लागत होत्या. एमील गान्यां नावाच्या अभियंत्याने वायूचा पुरवठा हवा तेवढाच करणारी एक झडप त्यासाठी तयार केली होती. १९४२ च्या अखेरीस पॅरिसमध्ये कूस्तोची व त्याची भेट झाली. मोटारीला वायू पुरविणारी झडप माणसाला हवा का पुरवू शकणार नाही? दोघे कामाला लागले.

पहिली चाचणी पॅरिसजवळील मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात झाली. आडवे पोहताना यंत्र ठीक चाले. सरळ उभे राहताच हवा भसाभसा वाया जाई, आणि डोके खाली करताच ती मिळेनाशी होई. दोघे खिन्न मनाने परत निघाले, पण दोष कोठे आहे याचा विचार त्यांनी सोडला नाही. उच्छ्वास बाहेर सोडण्याचे तोंड व हवा देणारी झडप यांची पातळी वेगवेगळी होती, हे त्यांच्या ध्यानात आले. दोन्ही एकाच पातळीवर आणताच दोष दूर झाला.

जून १९४३ मध्ये भूमध्य समुद्राच्या किनारी, बांदोलजवळ, कूस्तो हे यंत्र पाठीला बांधून पाण्यात उतरला. द्युमा किनाऱ्यावर सज्ज उभा होता. कूस्तोची पत्नी सिमोन मुखवटा व श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगत होती. खाली पतीला काही इजा झाली, तर तिने खूण करताच द्युमा उडी घेणार होता. परंतु तशी वेळ आली नाही. वरून दोर नाही, जड शिरस्त्राण नाही, अशा स्थितीत कूस्तो माशासारखा विहरत होता. त्याने कोलांट्या मारल्या, एका बोटावर तोल सांभाळला; हवा अखंड मिळत राहिली. मानवाला सागरात मोकळेपणाने हिंडण्याचे साधन लाभले होते.

युद्धानंतर कूस्तो व त्याच्या मित्रांनी बंदरांतील बुडालेले सुरुंग शोधण्याचे धोक्याचे काम केले. नव्या साधनाच्या मर्यादाही त्यांना कळू लागल्या. फार खोलवर गेल्यास हवेतील नायट्रोजनमुळे पाणबुड्याला गुंगी येते. १९४७ साली अशाच अतिखोल बुडीत त्यांचा सहकारी मोरिस फार्ग प्राणास मुकला. सागर धाडसाला वाट देतो, पण बेसावधपणाला क्षमा करीत नाही, हे त्या मित्रांना दुःखाने शिकावे लागले.

१९५० साली एका धनिकाने सुरुंग काढणारे एक जुने लाकडी जहाज विकत घेऊन, वर्षाला केवळ एक फ्रँक भाड्याने कूस्तोला दिले. हेच ते सुप्रसिद्ध 'कॅलिप्सो' जहाज. १९५१ च्या अखेरीस कॅलिप्सो तांबड्या समुद्रातील प्रवाळांच्या शोधास निघाले. प्रवाळ हे झाड नव्हे की दगडही नव्हे. ते अतिशय लहान जीव असतात. समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन ते आपल्याभोवती कठीण घरे बांधतात आणि पिढ्यान् पिढ्यांच्या घरांवर घरे रचली जाऊन खडक तयार होतात. आपल्या लक्षद्वीपची बेटे अशाच प्रवाळांची बनलेली आहेत. उष्ण कटिबंधातील या बागांत कूस्तोने जे पाहिले, ते त्याने चित्रफितीवर टिपून घेतले.

हिंदी महासागरातील सेशेल्स द्वीपसमूहात असम्प्शन नावाचे एक बेट आहे. तेथे गोबरा जातीच्या एका भल्यामोठ्या माशाची पाणबुड्यांशी गट्टी जमली. त्यांच्या हातून मांसाचे तुकडे खाण्याची त्याला इतकी चटक लागली, की तो क्षणभरही त्यांची पाठ सोडीना. काम होणे अशक्य झाले, तेव्हा त्यालाच काही काळ लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे लागले! या प्रवासांवर आधारलेल्या 'नि:शब्द जग' या अर्थाच्या नावाच्या चित्रपटाला १९५६ साली कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता, अशा असंख्य लोकांना सागरतळाचे दर्शन घडले.

परंतु याच चित्रपटात मनाला खटकणारी दृश्येही आहेत. प्रवाळांच्या रांगेत कोणते मासे राहतात हे मोजण्यासाठी तेथे सुरुंगाचा स्फोट केला आहे. जहाजाच्या पंख्याने देवमाशाचे पिलू जखमी झाल्यावर त्याच्याकडे धावलेल्या शार्क माशांना खलाशांनी क्रूरपणे ठार मारले आहे. त्या काळी या गोष्टींचे फारसे कोणाला वावगे वाटले नाही. मात्र पुन्हा पुन्हा त्याच किनाऱ्यांवर बुडी मारताना मासे कमी झाल्याचे, तळ ओसाड पडल्याचे कूस्तोला दिसू लागले. सागर अथांग आहे, त्याला कितीही लुटले तरी तो रिता होणार नाही, ही समजूत खोटी असल्याचे त्याला पटले. हाती भाला घेऊन समुद्रात उतरलेला हा माणूस हळूहळू समुद्राचा रखवालदार बनला.

१९५७ मध्ये तो मोनाको येथील सागर संग्रहालयाचा संचालक झाला. किरणोत्सारी कचरा भूमध्य समुद्रात टाकण्याचा घाट १९६० साली घातला गेला, तेव्हा त्याने लोकमत जागृत करून त्याविरुद्ध जोराचा लढा दिला. नद्यांतून वाहत येणारी घाणही शेवटी सागरातच जमा होते, हे तो लोकांना सांगत राहिला. भीमेचे पाणी कृष्णेला मिळते व कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. तेव्हा किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांचाही सागराशी संबंध आहेच.

माणसाला पाण्याखाली वस्ती करता येईल काय, हेही कूस्तोने अजमावून पाहिले. १९६२ साली मार्सेय बंदराजवळ त्याचे दोन सहकारी १० मीटर खोलीवरील एका घरात आठवडाभर राहिले. पुढल्या वर्षी सुदानच्या किनाऱ्याजवळ तशाच वस्तीत पाणबुडे महिनाभर राहिले. त्यानंतर दूरचित्रवाणीवरील मालिकांतून कूस्तोची काटक मूर्ती आणि त्याची लाल लोकरी टोपी जगभर घरोघरी ओळखीची झाली. १९७३ मध्ये त्याने सागराच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन केली.

उतारवयात त्याच्यावर मोठे आघात झाले. त्याचा धाकटा मुलगा फिलिप हा त्याचा उजवा हात होता. १९७९ साली तो विमान अपघातात मरण पावला. १९९० मध्ये सिमोन निवर्तली. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका नावेची धडक बसून कॅलिप्सो बुडाले. तरीही वृद्ध कूस्तोने काम थांबविले नाही. दक्षिण ध्रुवाभोवतालच्या अंटार्क्टिका खंडात खाणी खोदू नयेत, यासाठी त्याने लाखो लोकांच्या सह्या मिळविल्या होत्या. १९९१ साली अनेक राष्ट्रांनी मिळून तशी बंदी घालणारा करार केला, तेव्हा त्याच्या श्रमांचे चीज झाले. २५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे त्याचे निधन झाले. त्याच्या जन्मगावीच त्याला चिरविश्रांती देण्यात आली.

प्रवाळांवर आज नवे संकट आले आहे. समुद्राचे पाणी तापू लागले, की प्रवाळांचा रंग उडतो आणि ताप टिकून राहिला तर ते मरून जातात. होडीतून बेटांभोवती जाणाऱ्यांनी प्रवाळावर पाय देऊ नये, त्याचा तुकडा तोडून आणू नये, पाण्यात कचरा टाकू नये. आपल्या महाराष्ट्रातही मालवणच्या सागराचा काही भाग १९८७ सालापासून अभयारण्य म्हणून राखलेला आहे. जे डोळ्यांना दिसते, त्यावर माणसाची माया जडते. आणि ज्यावर माया जडते, त्याचा तो सांभाळ करतो. सागराची ती अदृश्य संपत्ती कूस्तोने जगाच्या डोळ्यांपुढे आणली. तिचा सांभाळ करणे हे आता पाहणाऱ्यांचे काम आहे.

स्वाध्याय

१. पाण्याखाली डोळे उघडले असता वस्तू अस्पष्ट का दिसतात? काचेच्या मुखवट्याने काय फरक पडतो?
२. श्वासाची नळी लांब करून खोल पाण्यात का जाता येत नाही?
३. मार्न नदीतील चाचणीत यंत्राचा कोणता दोष आढळला व तो कसा दूर झाला?
४. समुद्राकडे पाहण्याची कूस्तोची दृष्टी कशी बदलत गेली, ते आठ-दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या गावाजवळील नदीचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून समुद्राला मिळते, ते नकाशात शोधा.